मनोरमाच्या नावाची सूट

“मनोरमा मॅडम आहेत का?” फोनवरच्या मुलीने विचारलं.

वसईच्या हॉस्पिटलात, दुसऱ्या मजल्यावर, आयसीयूच्या दाराशी चंद्रहास उभा होता. डॉक्टर नुकतेच त्याच्या खांद्यावर हात ठेवून आत गेले होते. “आम्ही खूप प्रयत्न केले,” एवढंच ते बोलले आणि पुढचं त्याला कळलं. अडतीस वर्षांचा संसार दोन दिवसांच्या दुखण्यात संपला होता. तिचा फोन त्याच्या शर्टाच्या खिशात होता. तो वाजला आणि त्याने उचलला.

“आहे,” तो म्हणाला. “आत आहे.”

“कामात असतील. काही घाई नाही काका. मी तेजस्वी, विमा एजंटच्या ऑफिसातून. मॅडमच्या गाडीची पॉलिसी सव्वीस तारखेला संपतेय. तेवढा निरोप द्याल?”

“देतो.”

फोन ठेवल्यावर त्याला कळेना, आपण असं का बोललो. कोणाला तरी पहिल्यांदा सांगायचं होतं, तेव्हा त्याने हे सांगितलं. मग नर्सने त्याला सही करायला बोलावलं.

चंद्रहास पाणीपुरवठ्यातला पंप मेकॅनिक. पाच वर्षांपूर्वी रिटायर झाला. मनवेलपाड्यात तिसऱ्या मजल्यावर त्यांची दोन खोल्यांची जागा. मनोरमा बावीस वर्षं एका प्रसूतिगृहात नर्स होती. नोकरी सुटल्यावर घरी बसायला तिला जमेना. कोणाचं ड्रेसिंग, कोणाला इंजेक्शन, कोणाच्या म्हाताऱ्याची लघवीची नळी बदलायची, असली कामं तिने धरली आणि त्यासाठी फंडाच्या पैशांतून एक लहान पांढरी गाडी घेतली. चालवायला शिकली वयाच्या त्रेपन्नाव्या वर्षी. चंद्रहासला गाडी येत नव्हती. तो शेजारी बसायचा आणि उगाच ब्रेक दाबल्यासारखा पाय दाबायचा. ती हसायची. “पाय आपटू नका, खाली भोक पडेल,” म्हणायची.

सहा वर्षांत तिने विम्याचा एक रुपया मागितला नाही. एकदा रिक्षावाल्याने दाराला चांगला हातभर ओरखडा काढला. मुलगा परेश म्हणाला, आई क्लेम कर. ती म्हणाली, नको, स्वतः रंगवून घेते. क्लेम केला नाही की दरवर्षी हप्त्यात सूट वाढत जाते, हे तिला कोणीतरी समजावलं होतं. ती सूट वाढत वाढत निम्म्यावर आली होती. पन्नास टक्के. त्याचा तिला परीक्षेत पहिला नंबर आल्यासारखा आनंद व्हायचा.

तेराव्याच्या जेवणाला तीसेक माणसं आली. श्रीखंडाची वाटी दुसऱ्यांदा भरून घेत मनोरमाचा भाऊ विघ्नेश म्हणाला, “भावोजी, गाडीचं काय ठरवलंत?”

“कसलं काय?”

“विमा संपतोय ना? परेश सांगत होता. हे बघा, सहा वर्षांची गाडी. ते झीरो डेप काढून टाका आधी. पार्टचे पूर्ण पैसे मिळावेत म्हणून असतं ते. जुन्या गाडीला कशाला? निव्वळ फसवणूक.”

“मी तर म्हणतो फक्त थर्ड पार्टी घ्या,” दुसरा एक जण म्हणाला. “पोलिसाला दाखवण्यापुरता कागद.”

“आणि पन्नास टक्के सूट सोडायची? वेडे काय?” विघ्नेश म्हणाला. “ताईच्या नावावर आहे तोवर सूट आहे. नाव बदललं की गेली. ताईच्या नावावरच चालू दे. कोण विचारायला येतंय?”

“बरोबर मामा,” परेश म्हणाला. “मी तेच म्हणतोय बाबांना.”

तेव्हा जूचंद्रचा भूपेश पानावरून उठला. जेवण अर्धं टाकून. त्याच्या बापाच्या मधुमेहाने सडलेल्या पायाचं ड्रेसिंग मनोरमा वर्षभर करत होती. नळावर हात धुता धुता तो चंद्रहासला म्हणाला, “काका, तिच्या फोटोफुडं कसला बाजार मांडलाय यांनी? मना नाय पटला. येतो मी.”

चंद्रहासला त्याच्या मागोमाग निघून जावंसं वाटलं. पण ते त्याचंच घर होतं. आंबट श्रीखंड, उदबत्ती आणि माणसांचा घाम यांचा मिळून एक वास खोलीत भरला होता. त्याने पाहुण्यांना आणखी पुऱ्या वाढल्या.

मधल्या दिवसांत तेजस्वीचे दोन फोन येऊन गेले. त्याने उचलले नाहीत. परेशने आईच्या फोनचं रिचार्ज स्वतःहून केलं. “बंद पडू देऊ नका हं बाबा. गॅस, बँक, गाडी, सगळ्याचा ओटीपी याच नंबरवर येतो.” चंद्रहास रोज रात्री आपल्या फोनबरोबर तिचाही चार्जिंगला लावायचा. एकदा त्यावर निरोप आला, की मनोरमाजी, आपल्या तब्येतीची काळजी घ्या, चेकअपवर खास सवलत. तो फोन त्याने पालथा घातला.

वीस तारखेला रविवार होता. परेश आणि उन्नती सकाळीच जूचंद्रहून आले. तिथेच, नायगाव पूर्वेला, नव्या टॉवरमध्ये परेशचा फ्लॅट होता, त्याचे हप्ते होते, आणि त्याला गाडी हवी होती. त्यात चंद्रहासला काही वावगं वाटत नव्हतं. गाडी नाहीतरी कोण चालवणार होतं?

“बाबा, पाच मिनिटांचं काम आहे,” परेश म्हणाला. “विमावाल्यांना फोनवर मालकाची संमती रेकॉर्ड करावी लागते. उन्नती बोलेल.”

“उन्नती काय बोलेल?”

“आई म्हणून बोलेल.”

चंद्रहास सुनेकडे बघत राहिला. उन्नती ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती. “बाबा, मी म्हटलं यांना, मला नाही जमणार,” ती म्हणाली. “पण हे ऐकतच नाहीत.”

“अगं, नाव विचारतील, जन्मतारीख विचारतील, हो म्हणायचं, संपलं. एकदम फॉर्मॅलिटी आहे.” परेश वैतागला. “वर्षाला सात हजार वाचतात बाबा. आईनेच मिळवलेली सूट आहे ना ती? फुकट घालवायची?”

चंद्रहास काही बोलला नाही. नोकरीत असताना साहेबांनी सांगितलं म्हणून बंद पंपापुढे रजिस्टरात ‘चालू’ लिहिण्याचं काम त्यानेही केलं होतं. खालच्या वस्तीत बायका रिकामे हंडे घेऊन बसायच्या आणि वहीत पंप चालायचा. तेव्हाही तो असाच काही बोलला नव्हता. घरी येऊन मनोरमाला सांगितलं तेव्हा ती म्हणाली होती, “आज मला वाढायला सांगू नका, हाताने घ्या.”

परेशने फोन स्पीकरवर टाकला आणि टेबलावर ठेवला.

“हॅलो मॅडम! किती दिवसांनी! मी तेजस्वी. बऱ्या आहात ना?”

“हो,” उन्नती म्हणाली. आवाज जरा जाड केला होता. मग थोडी खोकली. “जरा घसा बसलाय.”

“काळजी घ्या हं. मॅडम, हा कॉल रेकॉर्ड होतोय. तुमचं पूर्ण नाव आणि जन्मतारीख सांगा.”

नाव सांगून झालं. जन्मतारीख परेशला येत नव्हती. त्याने बापाकडे बघून भुवया उडवल्या. चंद्रहासने टेबलावरच्या पेपरच्या कडेला पेनने तारीख लिहिली आणि पेपर सुनेपुढे सरकवला. हात आपोआप पुढे झाला, जसा त्या दिवशी फोन आपोआप उचलला गेला होता.

उन्नतीने तारीख वाचून दाखवली.

“गेल्या वर्षात काही क्लेम, अपघात?”

“नाही.”

“तुमचं काय असणार म्हणा मॅडम. बरं, आता रेकॉर्डिंगचं झालं. एक सांगायचं होतं. मला मुलगी झाली!” मुलीचा आवाज एकदम घरातला झाला. “गेल्या वर्षी मी रडत होते बघा, सातवा महिना होता, डॉक्टर काय काय सांगत होते. तुम्ही अर्धा तास फोनवर होतात. डाव्या कुशीवर झोप म्हणालात, घाबरू नकोस म्हणालात. तसंच केलं मॅडम. तीन किलोची झाली. रजेवरून परत आल्यापासून तुम्हाला सांगायचं होतं, पण काका फोनच उचलत नव्हते.”

परेशने हाताने खूण केली, बोल, बोल.

“छान झालं हो बाळा,” उन्नती म्हणाली. “जप तिला. बाळा, तूही जप.”

मनोरमा सगळ्यांना बाळा म्हणायची. पेशंटला, रिक्षावाल्याला, भूपेशच्या ऐंशी वर्षांच्या बापालासुद्धा. ‘बा’ जरा लांबवायची. उन्नतीने तो अगदी तेवढाच लांबवला होता.

चंद्रहासला पाणी सोडायच्या टाकीत मेलेली घूस सापडावी आणि कोणी म्हणावं, चाळणी लावून सोडा, तसं झालं. त्याने फोन उचलला.

“ताई, मी चंद्रहास. तिचा नवरा.”

“बोला ना काका.”

“ती नाही बोलली तुमच्याशी. ती गेली. त्या दिवशी तुम्ही फोन केलात, मी म्हटलं आत आहे, तेव्हाच गेली होती. ही माझी सून बोलली. जन्मतारीख मी लिहून दिली.”

“बाबा!” परेश ओरडला.

तेजस्वी म्हणाली, “मी आत्ता कोणाला सांगितलं मग?” आणि फोन बंद झाला.

“घालवलीत!” परेश उभा राहिला होता. “सात हजार रुपये घालवलेत. वर उन्नतीचं बोलणं रेकॉर्ड झालंय त्यांच्याकडे. कळतं का तुम्हाला?”

“कळतं.”

“काय मिळालं? आई परत आली?”

“तू आणली होतीस तिला आत्ता,” चंद्रहास म्हणाला. “तुझ्या बायकोच्या तोंडातून. मला ओकारी आली रे. तुझी नाही फक्त. माझी पण.”

उन्नती रडत होती. तो तिच्याकडे बघू शकला नाही. दोघं जेवायला न थांबता गेली. त्याने आमटी फ्रिजमध्ये ठेवली आणि संध्याकाळी फेकून दिली.

मंगळवारी तेजस्वीचा फोन आला, पॉलिसीवर वारस म्हणून दिलेल्या चंद्रहासच्या स्वतःच्या नंबरवर. आवाज कोरडा होता. “काका, ते रेकॉर्डिंग मी पुढे पाठवलेलं नाही. सूट जात नाही. मालक वारला तर ती वारसाला मिळते. मृत्यूचा दाखला द्या आणि गाडी वारसाच्या नावावर करून घ्या. आधीच विचारलं असतं तर मी सांगितलं असतं.”

“म्हणजे खरं सांगूनही सूट मिळत होती?”

“हो काका. फक्त आरटीओत खेपा पडल्या असत्या.”

तो फोन हातात धरून बसून राहिला. म्हणजे सात हजारही नव्हते. दोनचार खेपांचा कंटाळा होता. तेवढ्यासाठी त्यांनी तिला स्पीकरवर उभं केलं होतं.

शनिवारी तो कागद घेऊन जूचंद्रला गेला. परेशने दार उघडलं आणि बाजूला झाला. चंद्रहासने आपली सही केलेलं ना-हरकत पत्र त्याच्यापुढे ठेवलं. आरटीओचा फॉर्मही ठेवला.

“गाडी तू घे. मला नको. बाकी सगळं मी भरलंय. ही एक जागा तू भर, तुझ्या हाताने.”

परेशने फॉर्म बघितला. मालकाच्या मृत्यूची तारीख. “तुम्ही लिहिली असतीत तरी चाललं असतं,” तो हळू म्हणाला.

“तू लिही.”

परेशने पेन घेतलं. दोन तारीख, महिना, साल लिहिलं. लिहिताना त्याचा ओठ लहानपणी हलायचा तसा हलला. मग तो उठून गॅलरीत गेला आणि बराच वेळ तिकडेच राहिला.

उन्नतीने चहा आणून ठेवला. बिस्किटं ठेवली. साखर कमी घातलीय का, पंखा वाढवू का, एरवी ती दहा गोष्टी विचारायची. त्या दिवशी ती काहीच बोलली नाही. त्याने “अर्धाच पुरे” म्हटलं तेव्हाही तिने नुसती मान हलवली. ती आपल्यापुढे तोंड उघडायला घाबरतेय, हे त्याला कळलं. आणि तिने तोंड उघडलं तर काय ऐकू येईल याची त्याला स्वतःलाही शिसारी येत होती. चहा त्याने तसाच ठेवला. जिना उतरला आणि रिक्षा केली.

पॉलिसी त्याच दिवशी, सव्वीस तारखेला, संपली. आरटीओचं काम पुढच्या आठवड्यात करतो म्हणून परेशने कळवलं आहे. तोवर गाडी मनवेलपाड्यात बिल्डिंगखाली उभी आहे, ती रस्त्यावर काढायची नाही. बाकी कागद पूर्ण आहेत. सुनेला ‘बोल’ म्हणायचं तेवढं राहिलं आहे.