शांताबाईंचा उजवा खांदा

संताजीरावांच्या डाव्या डोळ्याच्या पडद्याचा मधला भाग निकामी झाला होता आणि उजव्याचा होत चालला होता. या विकारात कडेची नजर टिकते, मधली जाते. दार दिसते, दारात उभ्या असलेल्याचा चेहरा दिसत नाही. उजव्या डोळ्यात दिवाळीपर्यंत काय शिल्लक राहील, हे डॉक्टरांनी सांगितले नव्हते. तेवढ्या मुदतीत संताजीरावांची एकच मागणी होती: पत्नीचा चेहरा पुन्हा एकदा नीट पाहायचा.

शांताबाईंना जाऊन पन्नास वर्षे होत आली होती. त्यांचे एकच छायाचित्र उरले होते आणि तेही मूळ नव्हते. जुन्या फोटोवरून कुठल्याशा स्टुडिओने पुन्हा काढलेली ती प्रत होती, पोस्टकार्डाएवढी, पिवळी पडलेली. डोक्यावर पदर, तो उजव्या खांद्यावरून पुढे आलेला, आणि चेहरा रुपयाच्या नाण्याएवढा.

मुलगा यशवर्धन इंदूरजवळच्या सिमरोल इथल्या अभियांत्रिकी संस्थेत हिशेब विभागात होता. त्याने आधी तो फोटो एका दुकानात नेऊन संगणकावर ‘साफ’ करून घेतला. गाल गुळगुळीत झाले, पापण्या दाट झाल्या, डोळ्यांत चमक आली. संताजीरावांनी तो छापील कागद डोळ्याशी धरला, मान कलती करून पाहिला आणि विचारले, “ही कोणाची सून?”

त्यानंतर यशवर्धन वसुधाकडे आला. वसुधा त्याच संस्थेत प्रकाशशास्त्र शिकवत असे. नाशिकहून येऊन ती जवळच राऊला राहत होती आणि सुटीच्या दिवशी फोटोवरून पेन्सिलीने चेहरे काढत होती.

“दुकानातल्या प्रोग्रामने हरवलेली माहिती शोधलेली नाही,” ती म्हणाली. “ती कुठे नव्हतीच. त्याने हजारो परक्या चेहऱ्यांची सरासरी काढून रिकाम्या जागा भरल्या.”

“तर आप ही बना दो ना, वसुधाजी. तुमची पेन्सिल तर सरासरी नाही काढत.”

पेन्सिलही काही प्रमाणात तेच करते, हे वसुधाला माहीत होते. फरक इतकाच, की आपण कुठे अंदाज केला हे काढणाऱ्याला ठाऊक असते. शिवाय कडेच्या नजरेला बारकावे कळत नाहीत, मोठे आकार आणि ठळक छाया कळतात. फोटो नुसता मोठा केला तर डागही मोठे होतील. चित्रात नको ते वगळता येईल. तिने काम घेतले.

फोटो स्कॅन करून पडद्यावर मोठा केल्यावर तिची नजर पदरावर अडली. पदर डाव्या खांद्यावर हवा होता. फोटोवरून प्रत काढताना निगेटिव्ह उलटी लागणे ही स्टुडिओतली साधी चूक असते. तसे झाले असेल तर संपूर्ण चेहरा उलटा होता. जेवणाच्या सुट्टीत तिने यशवर्धनला गाठले.

“तुमच्याकडे पदर डाव्या खांद्यावरच घेतात ना?”

“म्हणजे काय! आम्ही मराठी नाही का? इतक्या पिढ्या इंदूरला गेल्या म्हणून काय मालवी झालो?”

“आईंना तसा घेताना पाहिलंय तुम्ही?”

“मी तीन वर्षांचा होतो, मॅडम. पण घर तर मराठीच आहे.”

यातले शेवटचे वाक्य पुरावा नव्हते, हे तिच्या लक्षात यायला हवे होते. तिला ते पटले, कारण तिच्या नाशिकच्या घरीही तसेच होते. संताजीरावांना तिने मुद्दामच विचारले नाही. इतकी वर्षे तोच फोटो पाहिलेला माणूस फोटोवरूनच उत्तर देईल, असा तिचा तर्क होता. तिने संगणकावर प्रतिमा उलटवली, कागदावर चौकटींची जाळी आखली आणि एकेक चौकट भरत गेली. डोळे आणि ओठांची कड मऊ पेन्सिलीने गडद केली, केसांचे तपशील सोडून दिले. महिन्याभराने चित्र पुरे झाले. चेहरा खऱ्या चेहऱ्याच्या दुप्पट होता.

रविवारी ती ते घेऊन यशवर्धनच्या घरी गेली. संताजीरावांची धाकटी बहीण लक्ष्मीआत्या देवासहून मुद्दाम आली होती. चित्र खुर्चीवर टेकवले. संताजीरावांनी मान डावीकडे वळवली, मग उजवीकडे.

“बेटा, हात चांगला आहे तुझा,” ते म्हणाले. “पण ही शांता नाही.”

“आबा, नीट बघा ना जरा,” यशवर्धन म्हणाला.

“जेवढं दिसतं तेवढं नीटच बघतोय. शांतेची बहीण वाटते. तिला बहीण नव्हती.”

वसुधाने आपण काय केले ते सांगितले. तुमची नजर जुन्या फोटोला सरावली आहे, त्यामुळे सरळ केलेला चेहरा परका वाटत असावा, हेही तिने सांगितले.

“म्हणजे मी बायकोला नाही, फोटोला ओळखतो?”

“शक्य आहे, काका.”

यशवर्धन खाकरला. संताजीराव मात्र हसले. “हिला रोज बोलवत जा रे. घरात कोणी तरी तोंडावर बोलणारं पाहिजे.”

“पण फोटो पलटवला कशाला?” लक्ष्मीआत्यांनी विचारले.

“पदर उजव्या खांद्यावर होता म्हणून.”

“मग अजून कुठे असणार? वहिनी सीधा पल्लाच घ्यायची, उजव्या खांद्यावरून पुढे. आम्ही सगळ्याच घ्यायचो. नऊवारी आणि डावा पदर महालक्ष्म्यांना नाही तर लग्नाकार्यात. बाकी दिवस सारा मोहल्ला मालवी, त्यात आपण एकट्या वेगळ्या कुठे दिसायचं? तुला सांगितलं कोणी?”

वसुधाने यशवर्धनकडे पाहिले.

“हा?” आत्या म्हणाल्या. “हा तेव्हा चड्डी घालायलाही तयार नसायचा. हा सांगणार पदर कुठला! वा रे भिया.”

“हा फोटो तुमच्याकडेही आहे का?” वसुधाने विचारले.

“नाही गं. एवढा एकच. मी तर कित्येक वर्षांत पाहिलाही नव्हता.”

म्हणजे ही साक्ष फोटोवर अवलंबून नव्हती. वसुधाने चूक मान्य केली. पुन्हा काढायला आणखी एक महिना लागेल, असे तिने सांगितले.

“तोवर डोळा थांबेल?” संताजीरावांनी विचारले. प्रश्न कोणालाच उद्देशून नव्हता. गेल्या आठवड्यात त्यांना घड्याळाचे आकडे दिसेनासे झाले होते.

वसुधाने खोलीत इकडेतिकडे पाहिले. “आरसा आहे का? मोठा?”

शेजारच्या खोलीतल्या कपाटाच्या दारावर होता. चित्र तिकडे नेऊन आरशाकडे तोंड करून ठेवले आणि त्याला लागूनच संताजीरावांची खुर्ची ठेवली. आरशातली प्रतिमा दुप्पट अंतरावर जाते, म्हणून वसुधाने सगळेच आरशाच्या जवळ सरकवले. मग ती कागदाच्या बाजूला उभी राहिली.

संताजीरावांनी मान कलती केली. मग ते आरशाकडे वाकले.

“हां,” ते म्हणाले. “आता आली.”

लक्ष्मीआत्यांनी पदर तोंडाशी नेला. यशवर्धन आरशाकडे पाहत राहिला. त्याला आई आठवत नव्हती. पडताळून पाहण्यासारखे त्याच्याकडे काही नव्हते.

“हनुवटी अशी नव्हती,” संताजीराव म्हणाले. “भरलेली होती. जरा पुढे.”

“फोटोत तशी नाही, काका.”

“मान खाली घालून बसली होती फोटोत. फोटोवाल्याला लाजून. घरात कोणाला लाजायची ती?”

“कोणालाच नाही,” आत्या म्हणाल्या. “सासऱ्यांनाही नाही.”

वसुधाने फोटो पुन्हा पाहिला. हनुवटीखाली छाया होती आणि त्या छायेत कड हरवलेली होती. तिथे तिने अंदाजानेच रेघ काढली होती, हे तिला आठवत होते. म्हणजे मोजलेले काही बदलायचे नव्हते; एक अंदाज दुसऱ्या अंदाजाच्या जागी यायचा होता, आणि दुसरा अंदाज करणाऱ्याने तो चेहरा पाहिला होता. तिने पिशवीतून पेन्सिल आणि खोडरबर काढले.

आरशात पाहून कागदावर काढताना हात चुकतो, डावे-उजवे गोंधळते. तिने एक रेघ पुसली, एक काढली.

“अजून,” संताजीराव म्हणाले. “अजून थोडी. बस.”

तिने छाया गडद केली. ओठाच्या कोपऱ्याशी आणखी एक दुरुस्ती तिला दिसत होती. तिने पेन्सिल उचलली.

“नको, नको,” ते म्हणाले. “आता बाजूला हो, बेटा. पाहू दे.”