तिसरी चौकट

मी वारसबदलाचा अर्ज बोलतोय. पेन्शन कचेरीतल्या कारकूनबाईंनी मला गठ्ठ्यातून काढून पंपवाल्याच्या हाती ठेवलं आणि सांगितलं, "तुमच्यामागे पेन्शन कुणाला, तिथे अजून पहिल्या बायकोचंच नाव आहे. हे बदलायचं तर तीन चौकटी भरा. तिसरीत त्यांचीच सही लागेल."

पंपवाल्याने पाणीपुरवठ्याच्या पंपघरात तीस वर्षं काढली होती. एक बोल्ट सैल राहिला तरी त्याला घास गोड लागत नसे. त्याच संध्याकाळी चष्मा पुसून त्याने दोन चौकटी भरल्या. पहिलीत स्वतःचं नाव, दुसरीत आत्ताच्या बायकोचं. अक्षर इतकं सुरेख, की मला माझाच अभिमान वाटला.

तिसऱ्या चौकटीसाठी तो मला पिशवीत घालून दोनदा पहिल्या बायकोच्या गल्लीत गेला. दोन्ही वेळा कोपऱ्यावरच्या सायकलवाल्यापाशी थांबला. वर गॅलरीत ती कपडे वाळत घालत होती. "कुठल्या तोंडाने मागू?" असं पुटपुटून तो परत फिरला.

घरी बायकोने विचारलं, "दिलात का हो अर्ज?"

"दिला."

"पावती?"

"कचेरी आहे ती, लाँड्री नव्हे."

ती हसली. मी तेव्हा खुर्चीला अडकवलेल्या पिशवीत होतो.

दुसऱ्या दिवसापासून माझा मुक्काम पंपाच्या माहितीपुस्तकात. ते त्याच्याशिवाय कुणी उघडत नसे. सहा वर्षं गेली. शेवटची दोन तो अंथरुणावरच होता. त्याला कुशीवर वळवता वळवता तिची कंबर गेली, पोटापाण्याचं शिवणकाम सुटलं. शेजारीण हळहळली की ती म्हणायची, "माझं पुढचं बघून ठेवलंय त्यांनी." ते ऐकून मी पानांत आणखी चेपून जायचो.

तो गेल्यावर कचेरीत तिला खरं कळलं. घरी येऊन तिने कपाट उपसलं. मी सापडलो तेव्हा ती रडली नाही. फोटोकडे बघून एवढंच म्हणाली, "विचारलं होतं ना मी तुम्हाला?"

मग मला घेऊन ती स्वतःच पहिलीच्या घरचे दोन जिने चढली. पहिलीने मला उभ्यानेच वाचलं.

"आला होता तो. दोनदा. सायकलवाल्यापाशी उभा होता. मला वाटलं, वर येईल." तिने पेन शोधलं. "मागितली असती तर तेव्हाच दिली असती गं सही."

तिने सही केली. दोघी मला घेऊन कचेरीत गेल्या. कारकूनबाईंनी मला उलटसुलट पाहिलं. "अर्ज करणारा हयात असतानाच हा चालतो," त्या हलकेच म्हणाल्या आणि माझ्यावर 'रद्द'चा शिक्का मारला.

बाहेर येताना पहिली म्हणाली, "माझ्याकडे येईल ते दर महिन्याला घेऊन जात जा."

"तुमच्या दारात कुठल्या तोंडाने येऊ?" ती म्हणाली, आणि कंबर धरून पायऱ्या उतरली.

माझा कुणी भाऊबंद तुमच्या कपाटात असेल, तर आजच त्याला बाहेर काढा. आणि तो तिथे असताना कुणाला "दिला" म्हणून सांगू नका. आम्हाला सगळं ऐकू येतं.

मी पुन्हा त्याच पुस्तकात आहे. तिन्ही चौकटी भरलेल्या आहेत.