तोंडावरचा हात

एकसष्ट साली शोभाला चौथं लागलं, तरी पोरीच्या तोंडून शब्द फुटेना. तिच्या वडिलांनी, मधुसूदन मास्तरांनी, नागपूरच्या मुक्यांच्या शाळेला पत्र टाकलं. उत्तर आलं, सोमवारी आणा, मुलगी इथंच राहील. शुभदाने, पोरीच्या आईने, ते पत्र दोनदा वाचलं.

घाटंजीत जो तो वैद्य. कुणी म्हणे मध चाटवा, कुणी म्हणे वेखंड. शुभदाने सगळं केलं, कारण खरं सांगण्यापेक्षा वेखंड उगाळणं सोपं होतं.

बाळंतरोगाने ती दीड वर्ष अंथरुणाला खिळली होती. मास्तर तेव्हा मुकुटबनला नोकरीवर. पोर बंजाऱ्यांच्या तांड्यावर धनीबाईच्या अंगाखांद्यावर वाढली. शुभदा हिंडूफिरू लागली तशी धनीबाई पोरीला घरी सोडायला आली, आणि पोर धनीबाईच्याच गळ्याला मिठी मारून ओरडली, "याडी!" याडी म्हणजे आई. शुभदाने पोरीचं तोंड दाबून धरलं, गच्च, ती निळी पडेस्तोवर. धनीबाईला पुन्हा पायरी चढू दिली नाही. त्या दिवसापासून शोभा गप्प होती, आणि का, हे शुभदाखेरीज कुणालाच ठाऊक नव्हतं.

रविवारी शुभदाला राहवेना. पोरीला कडेवर घेऊन ती तांड्याकडे निघाली. नाही बोलली तर नागपूर. बोलली तर पोर आई कुणाला मानते ते उघड होणार. इकडे आड, तिकडे विहीर.

धनीबाई दारात बसून कापडावर आरसे टाचत होती. ती उठली नाही.

"काहून आल्या, बाई?"

"हिला उद्या मुक्यांच्या शाळेत ठेवणार आहेत."

"हे पोरगी मुकी? कोन म्हनते?"

शुभदाला तिच्याकडे बघवेना. "तू बोलती कर तिला. मी मागं थांबते."

ती कुडाआड उभी राहिली. बराच वेळ धनीबाईचंच कुजबुजणं ऐकू येत होतं. मग एक बारीक, खरखरीत आवाज आला.

"याडी." आणि पुन्हा, मोठ्याने, "याडी, पाणी."

शुभदाला रडू फुटलं. दुसरीला का होईना, पोर आई म्हणाली होती. बोलत होती. ती तशीच पुढे धावली.

"बोल, बाळा. काय वाट्टेल ते बोल."

शोभाने तिला पाहिलं. पुढचा शब्द ओठातच राहिला. पोरीने आपलाच इवलासा हात उचलला आणि आपल्या तोंडावर दाबून धरला, गच्च.