ओर्बीची झिजलेली खिंड

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे. गुंडाळी करून काखेत मारायचा तसला कागदी नव्हे. मी टेबलाएवढा उंचसखल नकाशा आहे. मला डोंगर आहेत, दऱ्या आहेत आणि काळ्या समुद्राच्या जागी निळा रंग दिलेला एक खळगा आहे. त्या खळग्यात लोक खुशाल सिगारेटची राख झाडतात. तेही मी सोसले. पण एका जागी मी खोटा झालो आणि त्यापायी एक माणूस गेला. ते कुणाला तरी सांगितल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

अलाझानी नदीच्या खोऱ्यात, द्राक्षमळ्यांच्या एका गावात इलारिओन मास्तर भूगोल शिकवत. एका हिवाळ्यात त्यांनी अक्रोडाच्या लाकडाचे जुने दार आडवे टाकले, वर्तमानपत्रे भिजवून लगदा केला, त्यात कणकेची खळ आणि कीड लागू नये म्हणून मोरचूद घातले. त्यातून माझा जन्म झाला. मास्तर दर उन्हाळ्यात मुलांना घेऊन देश पायी हिंडत. म्हणून माझे डोंगर त्यांनी मोजपट्टीने चढवले नाहीत. ज्या चढाला एक दिवस लागतो तो एक दिवसाएवढा उंच, दोन दिवस लागतात तो त्याच्या दुप्पट. मग एका सुताच्या दोरीला सारख्या अंतरावर गाठी मारल्या. दोरी माझ्या अंगावरून चढउतारासकट फिरवायची आणि गाठी मोजायच्या. जितक्या गाठी तितके दिवस.

शाळा तपासायला आलेले साहेब मला बघून चिडले होते.

“मास्तर, ही ओर्बीची खिंड तुम्ही शेजारच्या शिखरांपेक्षा उंच केलीत! मोजमाप साफ चुकलंय.”

“साहेब, तुम्ही ती चालून ओलांडलीत का?”

“मी कशाला ओलांडू?”

“मग कागदावरचं मोजमाप तुमच्यापाशी राहू द्या. हे माझ्या पोरांच्या पायांचं आहे.”

साहेबांनी शेरा वाईट दिला. मला मात्र त्या दिवशी आपल्या उंच खिंडीचा फार अभिमान वाटला.

पुढे शाळेत छापील नकाशा आला आणि माझी रवानगी मास्तरांच्या तळघरात झाली. तिथे माझ्यावर अक्रोड वाळत घालत. उंदरांनी माझी एक नदी कुरतडली. मास्तर वारल्याचे मला वरच्या रडण्यावरून कळले. मी अंधारातच संपणार असे मी धरून चाललो होतो.

मला वर आणले ते मास्तरांच्या लेकीने, त्सित्सिनोने. नवरा शहरात निघून गेल्यावर तिने घराच्या खोल्या पाहुण्यांना द्यायला सुरुवात केली होती. पाहुणे यायचे आणि एकच विचारायचे, किती दिवसांत काय पाहून होईल? त्सित्सिनो त्यांना माझ्यापाशी आणी आणि दोन दोऱ्या काढी. दूरदूर गाठी मारलेली दोरी मोटारीसाठी, बापाची जुनी दोरी पायी आणि घोड्यावरच्या वाटेसाठी. तीन दिवसवाल्याला ती खोऱ्यातले मळे, मठ आणि पूर्वेचे कोरडे माळरान दाखवी. सात दिवसवाल्याला बर्फाचे डोंगर. बारा दिवस घेऊन येणारा तिचा लाडका. त्याला ती माळापासून थेट समुद्राकाठच्या चहाच्या टेकड्यांपर्यंत नेई आणि वर एक दिवस जेवणासाठी राखून ठेवी.

“अहो, आमच्याकडे जेवायला बसलं की दिवस जातोच,” ती म्हणे. “तो आधीच धरलेला बरा.”

डोंगराच्या वाटांवर तिचा धाकटा भाऊ बिझिना घोडी घेऊन जाई. आडदांड, हसरा गडी. त्याच्या उजव्या अंगठ्याला नख नव्हते, लहानपणी विळ्याने गेले होते. तो चपटा अंगठा माझ्या ओळखीचा होता, कारण बिझिना घरात शिरला की आधी मला हात लावी आणि मग बहिणीला हाक मारी.

माझे तेव्हा फार कौतुक झाले. पण त्या कौतुकानेच माझा घात केला. आमच्या लोकांना आपल्या गावचा डोंगर पाहुण्याला नुसता दाखवून भागत नाही, त्याच्यावर बोट ठेवून दाबावे लागते. शेजारी येत, मेंढपाळ येत, मळ्यातले मजूर येत. “हा बघा, हा आमचा!” आणि या गावातल्या प्रत्येकाचा ओर्बी हाच डोंगर. वीस वर्षे ती सारी प्रेमळ बोटे माझ्या खिंडीच्या माथ्यावर घासत राहिली. मी रोज केसभर झिजत होतो आणि मला ते बरे वाटत होते. कुणी मायेने पाठीवर हात फिरवला तर कोण नको म्हणेल?

एका सप्टेंबरात चार पाहुणे आले. त्यांना ओर्बी ओलांडून पलीकडच्या चेशोती गावाला जाऊन दुसऱ्या, सोप्या वाटेने परत यायचे होते आणि त्यांच्याकडे सहाच दिवस होते. त्सित्सिनोने दोरी फिरवली. बरोबर सहा गाठी. तिने तिथल्या तिथे शब्द देऊन टाकला.

बिझिना आला, त्याने ऐकले आणि मान हलवली. “ताई, सात लागतात. खिंडीलाच दोन दिवस जातात. खिंडीखाली शिओच्या झोपडीत मुक्काम करून सकाळी माथा गाठायचा, बाबाही तेच करायचे.”

“बाबांच्या दोरीत सहाच येतायत.”

“दोरीला पाय आहेत का?”

“दोरीला पाय नाहीत, तसं तोंडही नाही,” त्सित्सिनो म्हणाली. “शिओकडे बसून तू आणि तो पिता, तुमचा दुसरा दिवस त्यात बुडतो. सगळ्या गावाला ठाऊक आहे. पाहुण्याला शब्द दिलाय मी, आता माझं नाक कापू नकोस.”

बिझिनाचे हसू मावळले. त्याने अंगठा माझ्या खिंडीवर ठेवला आणि थोडा वेळ तसाच धरला. मित्रांनो, त्या क्षणी मी ओरडायला हवे होते. अरे, मी झिजलोय, माझ्यावर विसंबू नको! पण लगद्याला कुठला आवाज? “बरं,” एवढेच म्हणून तो घोड्यांना खरारा करायला गेला.

त्यांनी खिंड एका दिवसात ओलांडायला घेतली. वर धुके आणि मागोमाग बर्फ आले. चौघे पाहुणे पलीकडे उतरले. एक घोडी माथ्यावर मागे राहिली होती, तिच्यासाठी बिझिना परत वर गेला. घोडी तिसऱ्या दिवशी आपण होऊन खाली आली. तो आला नाही. पुढच्या उन्हाळ्यातही सापडला नाही.

त्सित्सिनोने द्राक्षरसाच्या दारूने भरलेला एक पेला आणून माझ्या ओर्बीवर ठेवला, शेजारी भाकरीचा तुकडा. आमच्याकडे गेलेल्या माणसाच्या नावाने पेला भरतात आणि त्यातली दारू भाकरीवर ओततात. कबर असती तर तिने ते कबरीवर केले असते. कबर नव्हती, म्हणून माझ्यावर. नऊ वर्षे तो पेला तिथून हलला नाही. दर वर्षी ती भाकरीवर दारू ओते, ओघळ माझ्या लगद्यात मुरे आणि झिजलेली खिंड आणखी मऊ होऊन बसे. पेल्याखालचे कुणाला दिसत नव्हते. त्या वाटेची सहल तिने कायमची बंद केली.

आता जे सांगतो त्यावर विश्वास ठेवा किंवा ठेवू नका. तेव्हापासून भर दुपारी, घरात कुणी नसताना, माझ्या अंगावर एक अंगठा चालतो. बिननखाचा, चपटा. या गावापासून निघतो, नदीकाठाने वर जातो, शिओच्या झोपडीच्या जागेवरून न थांबता पुढे सरतो, खिंड ओलांडून पलीकडे उतरतो. मग परत वर येतो आणि पेल्याखाली थांबतो. तिथे तो थंड पडत जातो. पेल्यातली दारू किंचित हलते. खिडकीबाहेर ऊन असते, मळ्यात माणसे गात असतात आणि मी इथे त्या गारठ्याने आखडून पडलेला असतो.

बिझिनाची मुलगी मारेखी तेव्हा पंधराची होती. ती चोविसाची झाली, घोडी सांभाळू लागली आणि गेल्या वर्षीच्या सप्टेंबरात आत्यासमोर उभी राहिली.

“आत्या, पाहुणे ओर्बीचं विचारतायत. मी नेणार.”

“त्या वाटेचं नाव काढायचं नाही.”

“बाबांची वाट आहे ती. लोक मला विचारतात आणि मी कसनुसं तोंड करते. किती वर्षं करू?”

त्सित्सिनो नाही म्हणाली, रडली, दोन दिवस बोलली नाही. पण तिच्या ‘नाही’त आता पूर्वीचा जोर उरला नव्हता. तिसऱ्या दिवशी मारेखीने पेला अलगद उचलून बाजूला ठेवला आणि दोरी फिरवली. सहा गाठी. अंगठ्याचा गारठा माझ्यात अजून होता आणि त्यावरूनच ती दोरी गेली. तिने पाहुण्यांना कळवले, सहा दिवस. निघायचा दिवस ठरला तो बिझिनाच्या वर्षश्राद्धानंतरचा सोमवार.

वर्षश्राद्धाच्या जेवणाला दुपारी म्हातारा शिओ आला. खिंडीखालच्या झोपडीचा मेंढपाळ तो हाच. गुडघे गेल्यामुळे आता तो खाली लेकीकडे राहत होता आणि या घरात नऊ वर्षांत प्रथमच पाऊल टाकत होता. सवयीने तो सरळ माझ्याकडे आला, बोट पुढे केले आणि तसाच थबकला.

“ओर्बी कुठं गेली गं?”

“ही काय तुमच्यापुढं,” मारेखी म्हणाली.

“ही? ही तर शेळी एका उडीत ओलांडेल! अगं, मास्तरांची ओर्बी बोटाच्या दोन पेरांएवढी होती. कुणी खाल्ली?”

त्याने माथ्यावर हात फिरवला, मग आपल्या बोटाकडे पाहिले. “आम्हीच खाल्ली,” तो हळूच म्हणाला. “मी काय कमी दाबलीय?”

त्सित्सिनो परात हातात घेऊन दारात उभी होती. तिने ती खाली ठेवली, दोरी घेतली आणि माथ्यापाशी हवेत दोन पेरे उंच धरून पलीकडे उतरवली आणि दुसऱ्या वाटेने गावापर्यंत आणली. मारेखीने गाठी मोजल्या. सात.

“बिझिना सातच म्हणत होता,” त्सित्सिनो म्हणाली. “मी त्याला दारुडा म्हटलं. शिओकडे बसून पितोस म्हटलं, शिओदादा.”

शिओ खुर्चीवर टेकला. “म्हणूनच मी इतकी वर्षं आलो नाही. त्या दिवशी मी चूल पेटवून वाट बघत होतो. तो खालच्या वाटेनं गेला, थांबला नाही. मी हाक मारली, अरे, ढग बघ, मुक्काम कर! तर लांबूनच हात हलवला. म्हणाला, आज नाही थांबत शिओदादा, ताईनं मोजून दिलंय.”

नऊ वर्षे ती मोठमोठ्याने रडली नव्हती. त्या दुपारी रडली. माझ्या काठावर कपाळ टेकून ती “माझ्या लेकरा, माझ्या लेकरा” म्हणत राहिली. धाकट्या भावाला आमच्याकडे असेच म्हणतात. मारेखीने तिला उठवायचा प्रयत्न केला नाही. ती शेजारी जमिनीवर बसली आणि आत्याच्या पाठीवर हात ठेवून राहिली.

दुसऱ्या दिवशी दोघींनी वर्तमानपत्रे भिजवली. शिओ सांगत गेला, इथे अजून चढव, इथे वाट वळते, इथे घोड्यावरून उतरून चालतात. दोन पेरे उंच खिंड उभी राहिली. झोपडी नव्हती, तीही केली, वाटाण्याएवढी. मारेखीने पाहुण्यांना कळवले की सात दिवस लागतील. त्यांना सुट्टी नव्हती, ते दुसऱ्या कुणाकडे तरी गेले. ती म्हणाली, “जाऊ देत.” पुढच्या जुलैत ती दुसऱ्यांना घेऊन गेली आणि सात दिवसांनी परत आली. तोवर त्सित्सिनो रोज फाटकाशी उभी होती.

मित्रांनो, मी आता थकलो आहे. तुमच्या घरी कुणी खपून केलेली जुनी वस्तू असेल तर तिची माया करा, पण अधूनमधून तिला तपासूनही बघा. आणि जो स्वतःच्या पायांनी जाऊन आला आहे, त्याचे म्हणणे दोरीपेक्षा आधी ऐका. आपल्या लाडक्या डोंगराला बोटाने जरूर दाखवा, फक्त बोट जरा वर धरा.

तो अंगठा अजून येतो. भर दुपारी गावातून निघतो, नदीकाठाने वर चढतो. शिओच्या झोपडीपाशी आला की पुढची उंच खिंड त्याला लागते. मग तो तिथेच थांबतो आणि हळूहळू ऊबदार होतो.