काटा हलेना

माझ्या नवऱ्याचा जगात एकाच गोष्टीवर विश्वास. आडतीतल्या काट्यावर. शेतकरी ओरडो की व्यापारी, चन्नबसप्पा शांतपणे म्हणणार, "काटा काय म्हंतो ते सांगा." अशा माणसाला नांदेडच्या डॉक्टरांनी वजन उतरवायला सांगितलं आणि आमच्या घरातली शांतता गेली.

डॉक्टरांनी उगाच सांगितलं नव्हतं. सासरे ऐन पन्नाशीत गेले, आडतीच्या गादीवर बसल्या बसल्या. थोरले दीर शंकरप्पाही तसेच, तेवढ्याच वयात. ह्यांना यंदा पन्नासावं लागलं होतं आणि बी.पी. नको तेवढं चढलं होतं. "पोट कमी करा, नाहीतर भावाच्या मागं जाल," असं डॉक्टर माझ्यादेखत बोलले. मी परतीच्या एस.टी.त तोंडाला पदर लावून रडले आणि घरी आल्याबरोबर तुपाचा डबा जावेकडे देऊन टाकला.

दुष्काळाचे दिवस होते. लातूर जिल्हा झाला, कलेक्टर आले, कचेऱ्या आल्या, पाणी तेवढं आलं नाही. हे पहाटे उठून नव्या कलेक्टर कचेरीच्या रस्त्यानं तरातरा चालायचे आणि येताना टँकरच्या दोन बादल्या भरून आणायचे. ताटात एक भाकरी, पातळ वरण, कांदा. शेजारच्या आडतीचे वीरण्णा चारचौघांत म्हणायचे, "गाव उपाशी मरायलंय, आन् आमचे आप्पा हौसेनं उपाशी हायत!" लोक हसायचे. मी मनात म्हणायची, हसा, तुमचा भाऊ गेला नाही अजून.

पहिल्या महिन्यात वजन भराभर उतरलं. आडत उघडली की हे आधी पोत्यांच्या काट्यावर उभे राहायचे आणि दुपारी जेवायला येताना लग्न ठरल्यासारखं तोंड करून यायचे. मग वजन थांबलं. आठवडा गेला, दुसरा गेला, महिना गेला. ह्यांनी भाकरी अर्धी केली, चालणं वाढवलं, काटा आपला ढिम्म.

"चोरून तूप घालतीस का गं?" एक दिवस मलाच विचारलं.

असा संताप आला मला! "तुमाला घालण्यापरीस दिव्यात घालीन की," मी म्हणाले. पण खोलीत जाऊन पुन्हा रडलेच.

पोळ्याला आम्ही रेणापूरच्या शेतावर गेलो. बैलांना धुवायला पाणी नव्हतं, गड्यानं ओल्या फडक्यानं पुसून घेतलं. चुलीवर पुरण शिजत होतं. हे बाजेवर बसून म्हणाले, "शिवगंगा, आता बास झालं. आज दोन पोळ्या वाढ, वर तूप ओतून वाढ. काटाच न्हाई म्हंतोय तर मी काय करू? शंकरआण्णा गेला, बाप गेला, आमच्या घराण्याचं तसंच हाय."

माझ्या हातातलं लाटणं तसंच राहिलं. बोलले असते तर भांडण झालं असतं, म्हणून म्हणाले, "खा, पण आधी करदोडा बदला."

आमच्याकडे पोळ्याला बैलाला नवी वेसण, तसा घरच्या पुरुषाला कमरेला नवा करदोडा. जुना सोडायचा तो नवा बांधल्यावरच, कंबर मोकळी ठेवत नाहीत. त्यामुळं जुन्याचं माप कधी मिळत नाही. मी आपली दरवर्षी करदोडे गुंफणाऱ्या पाटवेकरणीला सांगते, मागच्यापेक्षा दोन बोटं जास्त. लग्न झाल्यापासून ही दोन बोटं चुकली नाहीत. यंदाही तीच सांगितली होती, गाठ मारून तयार द्यायला.

ह्यांनी तो पायातून घालून वर ओढला आणि हात सोडला. करदोडा सरळ पायाशी येऊन पडला.

"माप इसरलीस व्हय?"

"दरसालचंच हाय."

पुन्हा ओढला, पुन्हा पडला. मी जवळ जाऊन सदरा वर केला. जुना करदोडाही कमरेखाली लोंबत होता. "ह्यो कधीपासून असा?"

"लई दिस झाले. धागा जुना झाला की सैल पडतोच की," हे म्हणाले.

मी त्यात हात घातला. माझी मूठ आत गेली, वर जागा उरली. "अवो, धागा जुना झाला, मग ह्यो नवा कशानं सैल पडला?"

ह्यांनी स्वतःची मूठ घालून बघितली. एकदा पुढून, एकदा मागून. इतक्या वर्षांत ह्यांना पहिल्यांदा काट्यावर संशय घेताना बघितलं. त्या दिवशी पोळी अर्धीच खाल्ली, दुधाबरोबर.

पुढच्याच आठवड्यात नांदेड गाठलं. डॉक्टरांनी बी.पी. घेतलं, पट्टा सोडून पुन्हा घेतलं. म्हणाले, "उतरलंय. चांगलं उतरलंय. वजन मधे असं अडतंच, चालू ठेवा, पुढं उतरंल. चालून, बादल्या उचलून दंड-मांड्या भरल्या, पोट गेलं. काटा दोन्ही एकातच मोजतो." हे मान हलवत होते. मला पुढचं काही ऐकू आलं नाही. मी डॉक्टरांना वाकून नमस्कार केला, ते लाजले.

परतताना हे खिडकीशी बसल्या बसल्या घोरू लागले. खरं सांगते, उन्हाळ्यापासून ह्यांचा डोळा लागला की मी छातीकडं बघत बसायची, वरखाली होतीय ना म्हणून. त्या दिवशी लोहा गावाच्या पुढं कधीतरी मीच गाढ झोपले. लातूर आल्यावर ह्यांनीच हलवून उठवलं.