काजांची बाजू, कॉलरची बाजू

धाकट्या भावाच्या कॉफीच्या दुकानात पाऊल टाकलं आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. समोरच्या भिंतीवर बाबांच्या रेकॉर्डी चिकटवलेल्या होत्या. टांगलेल्या नव्हेत, चौकटीत घातलेल्या नव्हेत, मागून सरस थापून फरशीसारख्या बसवलेल्या. त्यांच्या डोक्यावर सोनेरी अक्षरं होती, 'अजरामर संगीत'. बरोबरच होतं म्हणा. ज्याला पुन्हा कुणी हातच लावणार नाही, ते मरणार तरी कसं?

"कशी झालीय भिंत?" बाळ्याने विचारलं. चाळिशी उलटली, पोट पट्ट्याबाहेर आलं, तरी घरात तो बाळ्याच होता. "लोक इथे उभं राहून फोटो काढतात, ताई."

"जपून ठेवतो म्हणाला होतास."

"जपूनच ठेवल्यात की. रोज फडकं मारतो."

प्रत्येक रेकॉर्डखाली एक छोटी पाटी होती. ती रेकॉर्ड का टिकली, ते त्यावर छापलेलं. काळाच्या पलीकडचा सूर, विरहाची आर्त हाक, असलं काहीबाही. कुठून तरी उचललेलं असणार, कारण बाळ्याला आर्त हाक एकच ठाऊक होती, भुकेची. ताईने पाट्या वाचल्या आणि तिचा राग आणखी एक जिना चढला.

का टिकल्या ते कुणी तिला विचारायला हवं होतं. बाबांच्या शिवणखोलीत घड्याळ होतं, पण त्याकडे कुणी बघत नसे. काम रेकॉर्डीवर चाले. बासरीची रेकॉर्ड इस्त्रीची. फाटक्या आवाजाच्या बाईची रेकॉर्ड गिऱ्हाइकं गेल्यावरची, कारण ती लागली की बाबांचे डोळे गळायचे आणि गळक्या डोळ्यांनी माप घेता येत नाही. आणि निळ्या लेबलची ती एक, सगळ्यांची लाडकी. तिची पहिली बाजू कॉलरची, दुसरी काजांची. पहिली बाजू संपेपर्यंत आईची कॉलर बसलेली असायची. मग पाठ मोकळी करायची, घोटभर पाणी प्यायचं आणि बाजू उलटायची. अख्खं बालपण ताईने असं बाजूबाजूने मोजलं होतं.

त्या पहिल्या बाजूवरचं तिसरं गाणं रटाळ होतं. अगदी रडकं. पण चौथं यायला हवं तर तिसरं सोसावंच लागे, मधूनच उडी मारायची सोय नव्हती. बाबा म्हणायचे, "रटाळ गाण्यात अस्तर लावून घ्या." इतकी वर्षं अस्तर लावता लावता ते रडकं गाणं असं अंगवळणी पडलं, की आता जगातलं कुठलंही सुरेख गाणं ताईला त्याच्याइतकं आपलं वाटत नसे. टिकणं म्हणजे हे. आवडलं म्हणून नाही टिकत काही. रोज लागलं, रोज सोसलं, आणि हाताला त्याची सवय झाली, म्हणून टिकलं.

चौथ्या गाण्यात ती रेकॉर्ड अडकायची. एकच ओळ पुन्हा, पुन्हा, पुन्हा. मग बाबा मशीनवरून न उठता हात लांबवून बोटातलं अंगुस्तान प्लेअरच्या दांडीवर टिचकन मारायचे आणि गाणं पुढे सरकायचं. सगळं घर ते गाणं तसंच गाई, ती ओळ तीनदा आणि मग टिचकी. ताईच्या लग्नात मावशीने तसंच गायलं, तेव्हा नवऱ्याकडची माणसं एकमेकांकडे बघत राहिली. मूळ गाण्यात ती ओळ एकदाच आहे, हे ताईला कळलं तेव्हा तिला मुलं झाली होती.

तो ओरखडा बाळ्याने पाडला होता. लहानपणी, फिरत्या तबकडीवर खेळण्यातली मोटार चालवून. बाबांनी "कुणी केलं?" विचारलं, तेव्हा बाळ्याने ताईकडे बघितलं आणि ताई म्हणाली, "मी." पुढे तीच रीत पडली. फुटलेल्या काचेला मी, हरवलेल्या किल्लीला मी. धाकटा म्हणून पाठीशी घालता घालता तिची पाठच रुंद झाली.

"ती निळी काढ," ताई म्हणाली. "प्लेअर दुरुस्त करून आणलाय. आईसाठी हवीय."

"आईला फोनवर लावून दे ना. सगळी गाणी आहेत, आवाजही स्वच्छ."

"लावली होती."

लावली होती, आणि त्याचं काय झालं तेही तिला आठवलं. बाबा गेल्यापासून आई मांडीवर कापड घेऊन नुसती बसायची. बोलणं आटलं, हात थांबले. डॉक्टर म्हणाले, हात चालते ठेवा, नाहीतर हातही जातील. ताईने फोनवर ती गाणी लावली. आईने सुई उचलली. चौथ्या गाण्यात ती ओळ आली आणि न अडकता सरळ पुढे निघून गेली. आई थबकली, टिचकीची वाट बघत राहिली, आणि मग सुई कापडात खोचून म्हणाली, "हे आपलं नाही." त्यानंतर तिने सुईला हात लावला नव्हता.

"भिंत खराब होईल, ताई. आत्ताच रंगवलीय."

"भिंत," ताई म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, उलट खाली आला होता, आणि बाळ्याला त्याचीच जास्त धास्ती होती. "आईचे हात जायला लागलेत आणि तुला भिंतीची पडलीय. सुरी दे."

तिच्या पिशवीत कात्री होती. पण कापडाची कात्री कापडाशिवाय कशाला लावायची नाही, हा बाबांचा नियम ती भडकली असतानाही मोडणारी नव्हती. बाळ्याने केक कापायची सुरी दिली. गिऱ्हाइकं कपातून तोंड वर काढून बघू लागली. ताई खुर्चीवर चढली, कडेने सुरी सारत गेली, आणि शेवटी रंगाच्या पोपड्यांसकट रेकॉर्ड तिच्या हातात आली. तिने ती उलटी करून पाहिली.

मागच्या बाजूवर सरसाचा वाळका थर होता, नखाएवढा जाड. लेबलवरचा आकडा त्यातून जेमतेम दिसत होता. एक.

"ही बाजू का चिकटवलीस?"

"त्या बाजूला ओरखडा होता ना," बाळ्या म्हणाला. "झिजलेलीही होती फार. दुसरी त्यामानाने चकचकीत, म्हणून ती वर ठेवली."

खुर्चीवर उभ्या ताईला क्षणभर वाटलं, ही सुरी आता हातात नको. तिने ती टेबलावर ठेवली. जी बाजू घराने वाजवून वाजवून झिजवली, ती झिजली म्हणूनच याने भिंतीला तोंड करून उभी केली. आणि वर अजरामर.

"दुकान पोऱ्यावर सोड आणि चल," ती म्हणाली. "आत्ता. माझ्याबरोबर."

शिवणखोलीत आई खिडकीपाशी बसली होती, मांडीवर सदरा. ताईने दुसरी बाजू लावली. खरखर झाली आणि पहिलं गाणं सुरू झालं. आईने मान वर केली नाही. पण तिचं बोट कापडावरून फिरलं, थांबलं, आणि मग तिने सुई उपसली. पहिलं काज वाकडं आलं. दुसरं सरळ आलं. बाळ्या दारात उभा राहून डोळे पुसू लागला आणि ताईला त्याचा आणखीच राग आला. रडायला काय जातं?

बाजू संपली. आईने दोरा दाताने तोडला आणि पाठ मोकळी केली.

"उलटी कर," ती म्हणाली. "आता कॉलरी."

किती दिवसांनी ती आपणहून बोलली होती. ताई जागची हलली नाही. तिने बाळ्याकडे पाहिलं. "कर उलटी."

"ताई, अगं..."

"आई सांगतेय."

बाळ्याने रेकॉर्ड उलटी ठेवली आणि दांडी सोडली. प्लेअरची सुई सरसावरून करकरत घसरली, आपटली, पुन्हा घसरली. आईने मान वर केली. ती उठली, सावकाश प्लेअरपाशी आली, आणि अंगुस्तान घातलेल्या बोटाने दांडीवर टिचकी मारली. मग आणखी एकदा. मग तिने तबकडी थांबवली आणि त्या वाळक्या थरावरून बोट फिरवलं.

"हे कुणी केलं?"

बाळ्याने ताईकडे बघितलं. तस्संच, अगदी लहानपणीसारखं.

ताईने सुईत दोरा ओवायला घेतला. तिला तो शब्द जिभेवर आलेला जाणवला, इतक्या वर्षांची सवय, आणि तिने तो गिळला. दोरा ओवून झाला. तिने गाठ मारली.

"आई विचारतेय," ती म्हणाली.