आमच्या घरात गुलाबी नको

ज्या वर्षी गुलाबी बोंडअळीनं आमची कपाशी खाल्ली, त्या वर्षी आमच्या ह्यांनी घरातून गुलाबी रंगच हद्दपार केला. न्हाणीतली गुलाबी बादली गोठ्यात गेली. गणपतीच्या आराशीतल्या गुलाबी झिरमिळ्या चुलीत गेल्या. माझी एक बरी गुलाबी साडी होती, ती नेसले तर हे किसनराव भिंतीकडे तोंड करून जेवले. वड्याचं तेल वांग्यावर, दुसरं काय! बीटी बियाणं लावलं की अळीची चिंता नाही, असं वर्षानुवर्षं ऐकत आलेला माणूस दिवसभर एकेक बोंड फोडून बघायचा आणि घरी येऊन बादलीवर राग काढायचा. एरवी मी भांडले असते, पण त्यांचा उतरलेला चेहरा बघून साडी घडी घालून पेटीत ठेवली.

माझा जीव मात्र दुसरीकडे रमला होता. सून करिष्मा पहिलटकरीण. माहेरी जानेफळला बाळंतपणाला जाण्याआधी तिनं मला तिचा जुना मोबाईल दिला आणि विणकामाचे ब्लॉग कसे उघडायचे ते शिकवलं. तोवर शाळेत शिकलेल्या दोनच नमुन्यांवर माझा संसार चालला होता. थंडीत सातपुड्यावरून वारं सुटलं की घरातले सगळे सारखेच स्वेटर घालायचे. आपण बँडवाले दिसतो, असं मुलगा राजकुमार म्हणायचा. आणि आता बघावं तर जगभरच्या बायका आपापलं विणकाम माझ्या पुढ्यात मांडून बसलेल्या. कुणाची वेणी, कुणाची जाळी, कुणाची पानं. इंग्रजी मला येत नाही, पण टाका काही इंग्रजी नसतो. फोटो मोठा केला की सुलट कुठं, उलट कुठं, सगळं दिसतं. भाकरी करपल्या, दूध उतू गेलं, पण मी सुखात होते.

कुठल्याशा थंड देशातल्या पांढऱ्या केसांच्या एका बाईचा ब्लॉग आम्हा दोघींना फार आवडला. तिचा बाळाचा स्वेटर होता, पांढऱ्यावर गुलाबी. एका टाक्यातून पाच टाके काढायचे, पुन्हा त्यांचा एक करायचा, की टपोरी गाठ वर उठते. अशा गाठींच्या ओळीच्या ओळी. करिष्मानं त्या फोटोवर बोट ठेवलं.

"आई, बाळासाठी हेच विणा. अस्संच पाह्यजे."

लग्न होऊन आल्यापासून त्या पोरीनं माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आता मागितलं तर नेमका तोच रंग. तरी मी हो म्हटलं.

लोकर आणायला जळगाव जामोदला गेले. तिथं आसमाचं लोकर आणि लेसचं दुकान आहे. शिकलेली पोरगी, ब्लॉगवरचं इंग्रजी वाचून मला मराठीत सांगायची. हे शेतात गेले की मी विणायची आणि चाहूल लागली की सगळं उशीखाली सारायची. बाळ झाल्याचा फोन आला तेव्हा पाठ आणि एक बाही झाली होती. मुलगी झाली होती. मी आनंदानं गल्लीभर साखर वाटली.

हे मात्र बारशालाही आले नाहीत. कपाशीच्या वाळक्या पऱ्हाट्या उपटायच्या आहेत म्हणाले. पऱ्हाट्या काय पळून जाणार होत्या? खरं म्हणजे त्यांना चार माणसांत कपाशीचा विषय नको होता.

बारसं करून मी परत आले आणि दुसऱ्याच दुपारी पकडले गेले. विळा विसरला म्हणून हे मधेच घरी आले. मांडीवर स्वेटर, हातात सुया, सारायला वेळच मिळाला नाही. ते वाकून बघत राहिले.

"हे काय व्हय वं? अळ्या विणून राह्यली का तू?"

मी फणकारले. लोकर आहे, तुमच्या नातीसाठी आहे, जरा डोळे उघडून बघा म्हटलं. ते विळा घेऊन गेले. मग मीच डोळे उघडून बघितलं. पांढऱ्याशुभ्र विणीवर ओळीनं बसलेले गुलाबी टपोरे ठिपके. बोंड फोडल्यावर सरकीजवळ अळ्या दिसतात, अगदी तसेच. जन्म कपाशीत गेला आणि माझ्या ध्यानात आलं नाही. मला रडू आलं. मी धागा ओढला आणि सगळं उसवून टाकलं.

आता करिष्माला काय तोंड दाखवू? ती अस्संच म्हणाली होती. सत्यनारायणाच्या प्रसादात सव्वाच्या मापाला कुणी हात लावत नाही, तसा नमुन्याच्या रंगालाही लावायचा नसतो, असं मी धरून चालले होते. शेवटी आसमाकडे जाऊन बसले. तिनं त्या बाईलाच ब्लॉगवर विचारलं, आमच्या कपाशीचं सगळं लिहून. पुढच्या बाजाराला गेले तोवर उत्तर आलेलं होतं. आसमा हसत होती.

"मावशी, त्या बाई म्हणतात, रंग तुमचा तुम्ही घ्या. त्यांच्या घरात गुलाबी लोकर उरली होती, म्हणून त्यांनी लावली."

एवढंच? मी कपाळावर हात मारला आणि हिरवी लोकर मागितली.

हिरव्यावर पांढऱ्या गाठी घालत गेले, आणि तिसऱ्या ओळीला माझं मलाच हसू फुटलं. ही तर भरात आलेली कपाशी होती. असं पीक आमच्या वावरात त्या वर्षी कुठंच नव्हतं, ते माझ्या सुयांवर येत होतं.

सव्वा महिन्यानं करिष्मा बाळाला घेऊन घरी आली. मी भाकरतुकडा ओवाळून टाकला आणि पहिलं काम काय केलं, तर पोरीच्या अंगात स्वेटर चढवला. करिष्मानं रंग बघितला, माझ्याकडे बघितलं. फोनवर मी तिला सगळं सांगितलंच होतं. ती एवढंच म्हणाली की गाठी त्याच आहेत. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं.

हे दारातच उभे होते, जोडे न काढता. मग हळूच आत आले, खाली बसले आणि नातीच्या पोटावरच्या एका गाठीवर अंगठा फिरवला. बोंड चाचपतात तसाच. दुसरी गाठ चाचपली, तिसरी चाचपली. पोरगी टकामका बघत होती.

"बोंड बरं धरलं," ते म्हणाले. "पण फूल कुठं हाये? फुलाबिगर बोंड लागते काय?"

पिवळी लोकर आहे, गळ्याशी एक फूल काढते, असं मी म्हटलं.

"पिवळं पहिल्या दिवशी असते. दुसऱ्या दिवशी त्याचा रंग बदलते." मग घसा खाकरून म्हणाले, "ते गुलाबी लोकर तू फेकली तर नाही ना?"

करिष्मानं पदर तोंडाला लावला. मला हसावं की रडावं कळेना. फेकते कशी? तुरीच्या डब्यामागं जपून ठेवली होती. मी ती काढून आणेपर्यंत त्यांनी नातीला मांडीवर घेतलंही होतं आणि गळ्याशी बोट ठेवून जागा धरून ठेवली होती.

"इथं काढ," ते म्हणाले. "अन् कळी नोको. चांगलं उमललेलं काढ."